चाक सुटं मिळेल का?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत ‘स्मार्ट घरा’वर आलेला लेख वाचला. आपोआप केर काढणारं यंत्र, आवाज दिला की लागणारे दिवे, आपण पोचायच्या आत गार झालेली खोली. छान लिहिलंय. त्यातलं पहिलं यंत्र माझ्याकडे आहे, म्हणून चार शब्द लिहायचं धाडस करते. ते यंत्र अडून बसलं की पुढे काय होतं, हे लेखात कुठे आलं नाही. ते आमच्या घरी झालं.

मी डोंबिवली पूर्वेला राहते. २७ वर्षं ब्लाउज शिवते, फॉल-पिको करते. बाहेरच्या खोलीत दोन मशिनं आहेत: एक सासूबाईंची काळी पायमशीन आणि एक पिकोची, मोटरवाली. शिवणाऱ्या बाईच्या घरी दिवसातून दोनदा केर काढला नाही तर पायाला दोरे गुंडाळून माणसं स्वयंपाकघरापर्यंत जातात. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी असहकार पुकारला, डॉक्टरांनी उकिडवं बसायचं नाही म्हणून बजावलं. मग जूनमध्ये भिशी लागली त्यातून १४,५०० रुपयांचं ते गोल, चपटं यंत्र घेतलं. नातवाने त्याचं नाव कासव ठेवलं. कासवाने पहिल्या दिवाळीत दारातली रांगोळी सबंध हॉलभर ओढून नेली, तेवढा एक प्रसंग सोडला तर माझी तक्रार नव्हती. पलंगाखाली माझा हात जात नव्हता तिथे ते जात होतं.

चौदाव्या महिन्यात, श्रावणात, ते जागच्या जागी गोल फिरायला लागलं. घाण्याच्या बैलासारखं, एकाच बाजूने. मग थांबून आतली बाई इंग्रजीत म्हणायची की डावं चाक अडकलंय. मी उचलून, झटकून, परत ठेवायची. दोन फेऱ्या मारायचं आणि परत घाणा. उलटं करून पाहिलं तेव्हा एक गोष्ट लक्षात आली. यंत्र उचललं की दोन्ही चाकं ‘टक्’ करून खाली लोंबायला हवीत. उजवं लोंबत होतं. डावं अर्ध्यावरच अडकलेलं.

इथे मी पहिली चूक केली. शिवणारी बाई, हाताशी काय असणार? मशीनचं तेल. दोन थेंब सोडले, फरक पडला नाही, मग आणखी दोन, करता करता अर्धी कुपी. त्या दिवशी संध्याकाळी कासवाने फरशीवर तेलाची बारीक रेघ काढली आणि चाक गुळगुळीत होऊन जागेवरच घसरायला लागलं. ही चूक मुद्दाम सांगते, कारण आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी दोघींनी तेच केलं होतं. एकीने खोबरेल घातलं होतं!

कंपनीच्या फोनवर सांगितलं, बटण दहा सेकंद दाबून धरा. धरलं. मग म्हणाले, सेवा केंद्रात न्या. कापडी पिशवीत कासव घालून दुपारच्या लोकलने ठाण्याला गेले. काउंटरवरच्या मुलाने यंत्र उलटं केलं, अंगठ्याने चाक दाबलं, संगणकात पाहिलं. झालं. तपासणीचे ४५० रुपये. “मॅडम, वॉरंटी एक वर्षाची होती. आणि दोरा, केस अडकले तर ते तशीही वॉरंटीत येत नाही. चाक सुटं येत नाही. हे मॉडेल बंद झालंय, खालची पूर्ण बॉडी मागवावी लागेल, ६,८०० अधिक कर, दीड महिना. त्यापेक्षा एक्स्चेंजमध्ये नवीन घ्या.” मी विचारलं, चाक उघडून पाहिलंत का? तर म्हणे, आम्ही असेंब्ली उघडत नाही. मुलगा सालस होता, त्याचा दोष नाही. त्याला उघडायला शिकवलेलंच नाही, बदलायला शिकवलंय.

परतीच्या गाडीत ते यंत्र मांडीवर घेऊन बसले आणि मला सासूबाईंच्या मशीनचं हसू आलं. ती त्यांनी लग्नानंतर दुसऱ्या वर्षी घेतलेली, म्हणजे आता पन्नाशी उलटून गेली. तिचा पट्टा मी किती वेळा बदलला याचा हिशेब नाही. बॉबिन केस गेल्या महिन्यात नवी घातली, ८० रुपये. शटल, दाबाचा पाय, सुईचा स्क्रू, काहीही स्टेशनजवळच्या बोळातल्या दुकानात मिळतं, आणि दुकानदार कंपनीचं नाव विचारतही नाही. या काळ्या मशिनांचा मूळ साचा सिंगरच्या १५ नंबरच्या मशीनचा. पुढे कितीतरी कारखानदारांनी तोच साचा धरला. आपल्याकडे लुधियानात अशी मशिनं आणि त्यांचे सुटे भाग करणाऱ्यांची मोठी बाजारपेठच आहे. माप ठरलेलं, त्यामुळे एकाची बॉबिन केस दुसऱ्याच्या मशीनला बसते. लोखंड जड होतं म्हणून ती मशीन टिकली असं लोक म्हणतात. मला तसं वाटत नाही. तिचा ८० रुपयांचा भाग ८० रुपयांना मिळत राहिला, म्हणून टिकली.

घरी आले आणि ठरवलं, नाहीतरी भंगारातच जाणार आहे, तर आधी उसवून बघू. आमचे हे म्हणाले, “ब्लाउज आहे का ते?” पण चष्मा काढून शेजारी येऊन बसले.

ज्यांना करायचं असेल त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहिते. आधी यंत्राचं बटण बंद केलं, केराचा डबा काढला, यंत्र गोधडीची घडी करून तिच्यावर पालथं घातलं आणि सगळ्यात आधी बॅटरी काढली. ती लिथियमची असते, तिच्याजवळ स्क्रूड्रायव्हर घसरून चालत नाही. मग कटिंगचा ब्राऊन पेपर घेतला, त्यावर यंत्राचा बाहेरचा आकार चॉकने काढला आणि जो स्क्रू निघेल तो कागदावर त्याच जागी टोचून ठेवला. पाठीचा भाग, पुढचा भाग, जसा ब्लाउज बेततो तसं. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते. लांब स्क्रू आखूडच्या जागी बसवला तर वरच्या कवचातून टोक बाहेर येईल. एकूण १३ निघाले, त्यातले दोन कागदी लेबलांच्या खाली लपवलेले. ते सापडायला माझा अर्धा तास गेला. लेबल लावून स्क्रू का लपवायचा, हे कुणी सांगेल का?

झाकण निघालं आणि त्या ठाण्याच्या मुलाचं वाक्य आठवून मला रागच आला. चाक सुटंच होतं की! चाक, त्याची मोटर, गिअरची पेटी, सगळं मिळून मुठीएवढा एक ठोकळा, तीन स्क्रूंवर बसवलेला, आणि वायरच्या टोकाला एक छोटा प्लग. प्लग ओढला की ठोकळा हातात. उजवीकडे तसाच दुसरा. जी वस्तू कारखान्यात सुटी करून जोडली, ती गिऱ्हाइकाला सुटी विकता येत नाही, याचं कारण यंत्रात नाही.

आता चाक अडकलं होतं कशाने ते ऐका. चाक आणि पेटी यांच्या फटीत दोऱ्याचं कडं बसलं होतं, गोधडीच्या काठासारखं घट्ट. शिलाई उसवायचा रिपर घातला आणि आडवं कापत गेले तसे थर निघायला लागले. सगळ्यात वर हिरवा: श्रावण, मंगळागौरीच्या साड्यांचे ब्लाउज. त्याखाली राणी, हळदी, मोरपंखी आणि मध्येच एक लांब जर, ती एप्रिल-मेची लग्नसराई. ती जर कुणाच्या पैठणीच्या काठाची, हेही मला ओळखता आलं, कारण त्या बाईने तीन वेळा गळा बदलून घेतला होता. तळाशी काळा दोरा, संक्रांतीचा. त्याच्या आधीचं काही नव्हतं, कारण दिवाळीत रांगोळीच्या प्रकरणानंतर मी एकदा चाकं साफ केली होती. आणि सगळ्या थरांतून माझे पांढरे केस, अस्तरासारखे. आठ महिन्यांची माझी वहीच ती. वहीत उधारी राहून जाते, इथे काही राहिलं नव्हतं.

पण चाक खाली लोंबत का नव्हतं, त्याचं उत्तर दोऱ्यात नव्हतं. चाक एका आखूड दांड्याच्या टोकाला असतं आणि स्प्रिंग त्याला खाली दाबत असते. उंबरा आला की चाक वर जातं, पलीकडे उतरलं की खाली येतं. यंत्र उचललं की दांडा पूर्ण खाली येतो, एक बारीक बटण सुटतं आणि यंत्राला समजतं की आपण जमिनीवर नाही. त्या दांड्याच्या खाचेत एक ब्लाउजचा हूक आडवा बसला होता. शून्य नंबरचा, काळा पडलेला. दांडा अर्ध्यावर येऊन त्याच्यावर टेकत होता. चिमट्याने हूक ओढला आणि चाक ‘टक्’ करून खाली आलं. ६,८०० रुपये अधिक कर.

गिअरची पेटी उघडली तर माझ्या तेलाचा प्रताप समोर. तेल, धूळ आणि दिवाळीपासून कुठेतरी दबा धरून बसलेली रांगोळी यांचं उटणं झालं होतं. आत पांढऱ्या प्लॅस्टिकचे लहानमोठे चार गिअर, दाते शाबूत होते हे नशीब. शेजारच्या मजल्यावर मोबाइल दुरुस्त करणारा मुलगा राहतो, त्याला हाक मारली. तो म्हणाला, “काकू, इथे पातळ तेल चालत नाही. ते पसरतं आणि धूळ धरून ठेवतं. प्लॅस्टिकच्या दात्यांना घट्ट पांढरं ग्रीस, तेही दात्यांवरून बोट फिरवल्याइतकं.” जुन्या टूथब्रशने सगळं उटणं काढलं. त्याने मोटरला बॅटरी लावून फिरवून पाहिली, ती ठणठणीत होती. त्यानेच एक बारीकशी पट्टी दाखवली. मोटरच्या टोकाला लोहचुंबकाची चकती असते आणि ही पट्टी तिचे फेरे मोजते. फेरे मोजता आले नाहीत तर चाक नीट फिरत असूनही यंत्र ‘अडकलं’ म्हणूनच ओरडणार. म्हणजे ती पट्टी बिघडली, तर माणूस चाकच साफ करत बसेल. मी कापसाने ती पुसली, बोट लावलं नाही.

जोडताना स्प्रिंग उडाली. कपाटाखाली गेली. टाचण्या गोळा करायचं माझं लोहचुंबक आहे, दोरीला बांधलेलं, त्याने ती आली, सोबत चार हूक आणि हरवलेली १६ नंबरची सुईही आली. दोन्ही चाकांना फिरवून, दाबून, सोडून पाहिलं, मग झाकण. कागदावर एक स्क्रू शिल्लक राहिला. कुठला ते अजून समजलेलं नाही. कासव मात्र सरळ चालतंय, या गोष्टीला पाच महिने झाले.

खर्च किती? ग्रीस शेजारधर्मात आलं. म्हणजे ठाण्याला दिलेले ४५० आणि लोकलचं भाडं, तेवढाच.

हे माझ्या हुशारीचं कौतुक व्हावं म्हणून लिहिलेलं नाही. दाते तुटलेले असते तर माझी हुशारी तिथेच संपली असती. तो गिअर फार तर नखाएवढा. तो मिळाला नसता, ठोकळा मिळाला नसता, आणि चालू मोटर, चालू बॅटरी, चालू पंखा असलेलं यंत्र मी फेकलं असतं. म्हणजे लिथियम बॅटरीसकट ई-कचऱ्यात.

मी गेली १८ वर्षं मुंबई ग्राहक पंचायतीच्या वाटप संघात आहे. महिन्याचं वाण्याचं सामान आम्ही बायका एकत्र मागवतो आणि वाटून घेतो, त्या निमित्ताने ग्राहकाच्या हक्कांवर चार गोष्टी कानावर पडतात. जुलै २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्कासाठी’ समिती नेमली. शेतीची अवजारं, मोबाइल-टॅब्लेट, घरातल्या टिकाऊ वस्तू आणि वाहनं ही क्षेत्रं आधी घ्यायची ठरली. त्याच वर्षी २४ डिसेंबरला, राष्ट्रीय ग्राहक दिनी, त्याचं पोर्टलही सुरू झालं. मी मुलीकडून ते उघडून घेतलं. माझ्या कासवाच्या कंपनीचं नाव तिला त्यात सापडलं नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला, त्यांनी तक्रार नीट लिहून घेतली, तिसऱ्या दिवशी कंपनीचा फोनही आला. उत्तर तेच: भाग उपलब्ध नाही, नव्या यंत्रावर सूट देतो. मला सूट नको होती हो, चाक हवं होतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी एक समिती झाली, वस्तू दुरुस्त करायला किती सोपी आहे याचे गुण ठरवण्यासाठी. मे २०२५ मध्ये तिने अहवाल दिला. भाग मिळतात का, किती दिवसांत, काय भावाने, उघडायला कुठली हत्यारं लागतात, माहिती छापलेली आहे का, अशा मुद्द्यांवर गुण. चांगलंच आहे. पण सुरुवात मोबाइल आणि टॅब्लेटपासून. फ्रान्समध्ये असे दहापैकी गुण जानेवारी २०२१ मध्ये मोबाइल, लॅपटॉप, टीव्ही, वॉशिंग मशीन यांच्यावर लावणं सक्तीचं झालं, आणि नोव्हेंबर २०२२ पासून व्हॅक्यूम क्लीनरवरही, त्यात माझ्या कासवाची जातसुद्धा आली. म्हणजे तिथली बाई दुकानात उभी असतानाच बघू शकते की या यंत्राला दहापैकी किती. मी १४,५०० रुपये मोजले तेव्हा खोक्यावर काय होतं? झाडण्याची ताकद, ॲपचं चित्र आणि हसणारं कुटुंब.

आपल्याकडे हे जमणार नाही असं म्हणू नये. ऑगस्ट २०१४ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता. अस्सल सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती त्या बाहेरच्या गॅरेजवाल्यांना देत नव्हत्या, हाच आयोगाचा मुख्य आक्षेप. मोटारीच्या भागासाठी जो न्याय, तो चाकाच्या ठोकळ्यासाठी का नको? मोटार घेणारा निदान भांडू शकतो. कासव घेणारी बाई ‘जाऊ दे’ म्हणून एक्स्चेंजची पावती घेऊन घरी येते. मीही येणार होते.

माझं मागणं फार मोठं नाही. चाकाचा ठोकळा, पुढचं लहान चाक, ब्रश आणि बॅटरी एवढे भाग सुटे विका, किमती छापून; मॉडेल बंद केलं तरी पुढची काही वर्षं विका. आत काय कुठे आहे याचं एक पानाचं चित्र खोक्यात घाला, मराठीत घातलंत तर उत्तम. आणि स्क्रूवर लेबल चिकटवू नका.

ज्यांच्याकडे असं यंत्र आहे त्यांनी, शिवणकाम असो वा नसो, महिन्यातून एकदा ते पालथं करून दोन्ही चाकं बोटाने फिरवून आणि दाबून पाहावीत. पुढचं छोटं चाक ओढलं की निघतं, त्याच्या कांडीला केस असतातच. आणि ज्या घरात टाचणी, हूक, सुया सांडतात त्यांनी आधी लोहचुंबक फिरवावं, मग यंत्र सोडावं. मी रोज तसं करते. गुडघ्यांना त्रास होऊ नये म्हणून ते काठीला बांधलं आहे.

एक विनंती मात्र वाचकांना. कासवाच्या डाव्या चाकाचं रबर त्या तेलाने फुगलं आहे, खाचा झिजत चालल्यात, दिवाळी काढेल असं वाटत नाही. तसं रबराचं कडं कुठे सुटं मिळत असेल तर कृपया आपल्या दैनिकामार्फत कळवावं. टेपने माप घेऊन ठेवलं आहे: बाहेरून आरपार ७ सेंमी, रुंदी दीड सेंमीला थोडी कमी, आणि आतल्या बाजूला धरून ठेवायला दोन खाचा.

आपली नियमित वाचक,
ब्लाउज शिवणारी एक बाई, डोंबिवली (पूर्व)
(नाव व पत्ता संपादकांकडे दिला आहे.)